दोन फुटी भिंती आणि आठ तारा

अमळनेरला आमचे बियाणे व खतांचे दुकान आहे. दुकान म्हणजे मूळचे आमचे राहते धाब्याचे घर. पुढच्या दोन खणांत काउंटर, मधल्या घरात हिशेबाची खोली, मागे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याचे गोडाऊन. घराच्या भिंती मातीच्या, दोन फूट रुंद आणि वर सागवानी कड्या. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंशांचे ऊन असताना आत बसवते ते या भिंतींमुळेच. पण काउंटरवरच्या राउटरचे वायफाय हिशेबाच्या खोलीत अर्धे पोचे आणि गोडाऊनमध्ये मुळीच पोचत नसे, त्याचे कारणही याच भिंती आणि गोडाऊनचा पत्रा.

मागच्या जूनमध्ये याचा खरा त्रास झाला. पहिला पाऊस पडला की शेतकरी एकाच दिवशी बियाण्याला आणि खताला येतो. त्या गर्दीत बिल काउंटरच्या संगणकावर व्हायचे, हिशेब आतल्या खोलीत आमचे जुने मुनीम जिभाऊ यांच्या संगणकावर असायचा आणि माल गोडाऊनमध्ये. बिलाची चिठ्ठी घेऊन पोरगा अंगण ओलांडून पळत जाई, गोडाऊनवाला तेवढ्या पिशव्या काढून देई आणि शिल्लक साठा रात्री जिभाऊ वहीवरून संगणकात चढवत. अनुदानित खत विकताना पॉस यंत्रावर, म्हणजे विक्रीची नोंद करणाऱ्या छोट्या यंत्रावर, शेतकऱ्याचा अंगठा घेऊन आधार प्रमाणीकरण करतो; ते यंत्रही नेटसाठी अडून बसे आणि अंगठा धरून उभ्या असलेल्या माणसाला आम्ही काय सांगायचे हा प्रश्न पडे. उन्हातान्हातून दहा-पंधरा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला केवळ आमच्या तारा धड नाहीत म्हणून थांबावे लागते, याचे मला फार वाईट वाटले.

त्याआधी आम्ही एक उपाय करून पाहिला होता. वायफाय पुढे ढकलणारा एक एक्स्टेंडर मधल्या दारापाशी लावला होता. त्याने सिग्नलच्या रेघा वाढल्या, वेग मात्र घटला. कारण साधे होते. एकाच रेडिओवर चालणारे असे यंत्र आधी माहिती ऐकते आणि मग तीच पुन्हा बोलते, त्यामुळे निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय ज्या जागी त्याला स्वतःलाच सिग्नल क्षीण मिळतो तिथून ते पुढे चांगला सिग्नल देणार तरी कुठून? म्हणून होळीनंतर, दुकानात गिऱ्हाईक कमी असते त्या दिवसांत, मुळापासून तारा टाकायच्या आणि वायफाय त्या तारांच्या टोकाला लावायचे, असे मी ठरवले.

सुरुवात टेप आणि कागदाने केली. घराचा नकाशा काढून प्रत्येक टेबल, प्रिंटर, कॅमेरा आणि विजेचा बोर्ड त्यावर मांडला. संगणक पाच आणि प्रिंटर दोन होते, तरी प्रत्येक टेबलापाशी दोन-दोन तारा न्यायच्या असा निर्णय घेतला, कारण मातीच्या भिंतीला पुन्हा पुन्हा भोक पाडणे परवडणारे नसते आणि तारेचा खर्च मजुरीपुढे थोडाच असतो. तांब्याच्या लॅन केबलची, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या तारेची, एका जोडणीतली मर्यादा १०० मीटर आहे. आमची घरातली सर्वांत लांब तार भिंतीची वळणे धरून २६ मीटर भरली, म्हणजे त्या बाजूने काळजी नव्हती. अंगण ओलांडून गोडाऊनपर्यंत ३८ मीटर होते. अंतराचा विचार केला तर तेही सहज बसत होते, पण तिथे तांबे नेले नाही. ते का, हे पुढे सांगतो.

केबलच्या खरेदीत पहिलीच ठेच लागली. कॅट ६ असे छापलेला ३०५ मीटरचा खोका एका दुकानातून बराच स्वस्त मिळाला म्हणून आणला. आमच्या वायरमन दादांनी तो एका हाताने उचलला आणि लगेच खाली ठेवला. त्यांचा संशय खरा ठरला. टोक सोलून तारेच्या अंगावरून ब्लेड हलकेच फिरवले, तर तांबूस रंगाखाली पांढरी चांदीसारखी धातू दिसली. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असलेली ती तार होती. अशा तारेचा विद्युत रोध शुद्ध तांब्यापेक्षा जास्त असतो, ती दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि तिच्यातूनच एखाद्या यंत्राला वीज पुरवायची असेल तर ती जास्त तापते. लॅन केबलच्या कॅट ५ई, कॅट ६ या मानकांत तांब्याचीच तार अपेक्षित आहे. तेव्हा खोक्यावर काहीही छापलेले असले तरी ती तार त्या दर्जाची नव्हतीच. खोका परत केला आणि शुद्ध तांब्याचा घेतला. तो जवळजवळ दुप्पट किमतीला पडला, आणि या सगळ्या कामात मी सर्वांत निःशंकपणे खर्च केलेले पैसे तेच.

भिंतींचे काम तीन दिवस चालले. दादा ड्रिल लावायच्या आधी प्रत्येक ठिकाणी बोटाने ठोकून बघत. एका जागी ते म्हणाले, "भाऊ, आठे बठी माटीच शे, मशीन नको." (इथे सगळी मातीच आहे.) तिथे त्यांनी लांब सळईने हाताने भोक पाडले आणि त्यात पीव्हीसी नळी बसवून बाजूने माती लिंपली. बाकी तारा आम्ही शक्य तिथे कड्यांच्या कडेने केसिंग पट्टीतून नेल्या. विजेच्या तारांपासून फूटभर अंतर राखले आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडले, कारण शेजारून समांतर धावणाऱ्या विजेच्या तारेचा गोंगाट लॅनच्या तारेत उतरतो. गोडाऊनमध्ये मात्र पट्टी चालणार नव्हती. बियाण्याच्या वासाने तिथे उंदीर असतातच आणि त्यांना पट्टीच्या फटी पुरतात. तिथे जाड नळीच टाकली आणि तिची दोन्ही तोंडे घट्ट बंद केली.

तारांची टोके मारण्याचे काम मी दादांकडून शिकून घेतले, आणि याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या कित्येक महिन्यांच्या तक्रारीचे मूळ इथे सापडले.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, पण त्या सुट्या नसतात, चार जोड्यांत पिळलेल्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, प्रत्येकीबरोबर तिच्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवरून एकच संदेश उलट-सुलट जातो, बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोहोंमधला फरक काढला की गोंगाट वजा होतो. म्हणून टोकाच्या कनेक्टरमध्ये घालतानाही पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. रंगांचा आमचा क्रम टी५६८बी या पद्धतीचा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी जाते आणि तिच्या मधे निळी बसते, हे पाहणाऱ्याला विचित्र वाटते. एका रंगाशेजारी त्याच रंगाची पांढरी ठेवत गेलो तर ते किती नीटनेटके दिसेल, असे कोणालाही वाटते.

काउंटरपासून जिभाऊंच्या खोलीपर्यंत काही वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून दिलेली एक तार होती, तिच्यात नेमके तेच केलेले निघाले. चारही जोड्या ओळीने शेजारी-शेजारी, दोन्ही टोकांना अगदी सारख्या. टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागत होते, कारण पहिली तार पहिल्याला आणि आठवी आठव्याला जोडलेली होतीच. पण १०० एमबीपीएसच्या जोडणीत यंत्रे एका जोडीने पाठवतात आणि दुसऱ्या जोडीने घेतात, त्यांतली दुसरी जोडी तिसऱ्या व सहाव्या जागेवर असते. आणि या तारेत त्या दोन जागांवर दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा बसल्या होत्या. त्यांचा एकमेकींशी पीळच नव्हता, मग गोंगाट वजा होणार कसा? जिभाऊंची फाइल उघडता उघडता अडकायची, प्रिंट अर्धी यायची, आणि आम्ही सगळे मिळून दोष इंटरनेटला आणि वायफायला देत होतो. नुसत्या दिव्यांच्या टेस्टरला ही चूक दिसत नाही. ती टोकाशी डोळा नेऊन रंग वाचल्यावरच दिसते. जिभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून ते टोक स्वतः पाहिले. दोन वर्षे ते रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन काउंटरवर येत आणि बिलांची फाइल उचलून नेत असत, ती या एवढ्याशा टोकामुळे.

टोक मारताना माझ्या हातूनही एक चूक झाली. सर्व जोडून झाल्यावर मी प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन जोडणीचा वेग पाहिला. चार ठिकाणी १,००० एमबीपीएस होता, एका ठिकाणी १००. संगणक तसाच, सगळ्या तारा एकत्र जोडणारा स्विच तोच, केबल एकाच खोक्यातली. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. १,००० ला चारही लागतात. तेव्हा निळी किंवा तपकिरी कुठेतरी तुटली असेल तर बहुतेक यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि काम चालू राहते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. ते टोक मी शेवटच्या दिवशी घाईत टेस्टर न लावता मारले होते. कनेक्टर उजेडात धरून पुढच्या पारदर्शक बाजूने पाहिले, तर सात तारांची तांबडी टोके भिंतीला टेकलेली दिसली आणि तपकिरी केसभर मागे राहिलेली. कनेक्टर कापून नवा लावला आणि वेग १,००० झाला. तेव्हापासून प्रत्येक टोक दाबण्याआधी मी ते पुढून बघतो आणि आठ तांबडे ठिपके मोजतो.

आता गोडाऊनच्या तारेविषयी. आदल्या वर्षी अंगणावरून गोडाऊनच्या कॅमेऱ्याची एक तांब्याची तार टांगलेली होती. जूनच्या पहिल्या वळिवात जवळ कुठेतरी वीज पडली आणि त्या तारेला जोडलेले दोन्हीकडचे पोर्ट जळाले. वीज प्रत्यक्ष तारेवर पडावी लागत नाही. दोन वेगळ्या इमारतींच्या जमिनीतल्या विद्युत दाबात क्षणभर फरक पडला तरी तांब्याची तार तो फरक यंत्रांतून वाहून नेते. म्हणून या वेळी अंगणावरून फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यातून प्रकाशाने संदेश नेणारी तार, नेली. काच वीज वाहत नाही, त्यामुळे दोन इमारतींमध्ये तिच्यामार्फत विजेचा संबंधच उरत नाही. एकच कोअर, म्हणजे काचेचा एकच धागा, घेतली आणि दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेतला संदेश प्रकाशात आणि प्रकाशातला तारेत बदलणारे डबे, मीडिया कन्व्हर्टर, लावले. हे जोडीनेच घ्यावे लागतात, कारण एका कोअरवरून जायचे आणि यायचे दोन्ही असेल तर एक डबा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर घेतो, आणि दुसरा त्याच्या उलट. एकाच प्रकारचे दोन डबे आणले तर ते एकमेकांचे काहीच ऐकत नाहीत. टोके जोडून देण्याचे काम गावातल्या इंटरनेट जोडणीच्या मुलाने केले. फायबरच्या बरोबर तिला टांगण्यासाठी जी पोलादी तार असते, ती मी दोन्ही भिंतींवरच्या हुकापाशी तोडायला लावली आणि आत एक इंचही येऊ दिली नाही. नाहीतर काच घेऊन लोखंड आत आणल्यासारखे झाले असते.

मुख्य स्विच १६ पोर्टचा गिगाबिट घेतला. तो कुठे ठेवायचा यावर बराच विचार केला. काउंटरखालचे बंद कपाट सोयीचे होते, पण अशा छोट्या स्विचवर आणि राउटरवर बहुधा ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा लिहिलेली असते, आणि आमच्याकडे एप्रिलमध्येच बंद कपाटातली किंवा पत्र्याखालची हवा त्याच्या वर जाते. म्हणून तो जाळीच्या दाराच्या छोट्या रॅकमध्ये मधल्या घरातल्या उत्तरेच्या जाड भिंतीवर बसवला. गोडाऊनमधला छोटा स्विचही पत्र्यापाशी न लावता गोडाऊनवाल्याच्या विटांच्या केबिनमध्ये खाली लावला. राउटर, मुख्य स्विच आणि फायबरचा डबा यांना एक स्वतंत्र यूपीएस दिला. या तिघांची भूक थोडी असते, त्यामुळे वीज गेल्यावर ते बराच वेळ तग धरतात.

वायफाय सर्वांत शेवटी लावले, आणि तारा नीट झाल्यावर ते काम अर्ध्या दिवसात झाले. तारेच्या टोकाला वायफाय देणारे दोन डबे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसवले, एक काउंटरच्या वर कडीला आणि दुसरा गोडाऊनमध्ये. गोडाऊनमधल्याला वीज त्याच लॅन तारेतून दिली, त्यामुळे छताजवळ वेगळा प्लग काढावा लागला नाही. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला म्हणजे फोन घेऊन अंगण ओलांडणाऱ्याला काही बदलावे लागत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या दुकानांचे वायफाय फोनवरच्या ॲपने पाहिले तर बहुतेक ६ वर होते, म्हणून एकाला १ आणि दुसऱ्याला ११ दिला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असले तरी मातीच्या भिंतीपलीकडे ते फारसे जात नाही. ते त्या त्या खोलीपुरते उपयोगी पडते आणि तेवढेच त्याच्याकडून अपेक्षावे. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद केली आणि शेतकऱ्यांच्या फोनसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय काढून दिले, ज्यातून आमच्या हिशेबाचे संगणक दिसत नाहीत.

दोन दिवस सगळे सुरळीत चालले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काउंटरचा प्रिंटर नाहीसा झाला. दोन संगणकांना तो दिसे, तिघांना दिसत नसे. संगणकांचे नेटवर्कवरचे पत्ते पाहिले तेव्हा उलगडा झाला. काहींचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते आणि काहींचे १९२.१६८.० ने. जुना राउटर वाया जाऊ नये म्हणून मी तो हिशेबाच्या खोलीत जादा पोर्टांसाठी लावला होता, आणि त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायला विसरलो होतो. एका घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. सकाळी संगणक सुरू करताना ज्याचे उत्तर आधी येई त्याचा पत्ता संगणक घेई. जुन्या राउटरमधली पत्ते वाटणारी डीएचसीपी सोय बंद केली, त्याला मुख्य राउटरच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता दिला, आणि दोन्ही प्रिंटर व जिभाऊंचा संगणक यांना मुख्य राउटरमध्येच कायमचे पत्ते राखून ठेवले.

दुसरा प्रसंग अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या, आधीच्या साफसफाईतला आहे. दुपारी अचानक सगळे ठप्प झाले. इंटरनेटही नाही, प्रिंटरही नाही, आतले आतसुद्धा काही नाही. रॅकपाशी गेलो तर स्विचचे सगळे हिरवे दिवे एकाच वेळी झपाट्याने लुकलुकत होते. झाडताना एका तारेचे लोंबणारे टोक पोराला दिसले आणि ते सुटले असावे असे समजून त्याने ते स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचले. त्या तारेचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते. सगळ्यांसाठी असलेला एखादा संदेश अशा फेऱ्यात सापडला की तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि साध्या स्विचला त्या थांबवता येत नाहीत. टोक काढताच दिवे शांत झाले. पोराला मी काही बोललो नाही, त्याने चांगल्या हेतूनेच केले होते. त्याच संध्याकाळी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावले, त्याच क्रमांकांचा नकाशा रॅकच्या दाराला आतून चिकटवला आणि त्यावर मराठीत कोणती तार कुठे जाते ते लिहिले, म्हणजे मी दुकानात नसतानाही कोणालाही वाचता येईल.

सगळा खर्च मजुरीसह चाळीस हजारांच्या आसपास गेला. यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर सकाळी सातपासून रांग लागली. काउंटरवर बिल झाले की गोडाऊनच्या केबिनमधल्या प्रिंटरवर माल काढण्याची चिठ्ठी निघत होती आणि साठा त्याच क्षणी जिभाऊंच्या पडद्यावर कमी होत होता. अकराच्या सुमाराला गडगडाट झाला आणि वीज गेली. काउंटर आणि केबिन इन्व्हर्टरवर गेले, रॅकमधले दिवे लागलेलेच राहिले आणि पॉस यंत्रावर ज्यांचा अंगठा चालू होता त्यांची पावती निघाली. जिभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिले, आणि टेबलाच्या खणातला आपला पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला.